त्र्याऐंशी फूट

आमच्या गच्चीवर एक होडी आहे. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर ते टाकीच्या आडोशाला फोनवर बोलत जातात, एकदम किंचाळतात आणि मग पोहे होईपर्यंत दुसरा विषय निघत नाही.

होडी मेहुण्याची, गच्ची माझी. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरातून आम्हाला रबरी बोटीनं बाहेर काढलं. बायकोच्या मांडीवर देव आणि पापडाचा डबा, माझ्या मांडीवर मेहुणा. त्या बोटीतच त्यानं शपथ घेतली, "दाजी, फुडच्या टायमाला आपली सोताची होडी. नाद करायचा नाय." पुरात माणूस काहीही बोलतो म्हणून मी सोडून दिलं. दोन महिन्यांनी रत्नागिरीहून आंबा घाट चढून एक ट्रक दारात उभा राहिला.

चौदा फुटांची लाकडी होडी. पुढच्या भागावर सागवानी पट्ट्यांचा डेक, दोन पट्ट्यांमधल्या फटीत काळं रबर भरलेलं. क्रेन आणून ती गच्चीवर चढवली. गच्चीवरच का, तर खाली ठेवली आणि पूर आला तर वाहून जाईल ना!

२०२१ च्या जुलैत पूर आला. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीवर आणि होडी वर एकदम सज्ज. ती खाली उतरवायला क्रेन लागणार होती, आणि क्रेनवाल्याची क्रेन पाण्यात होती. आम्ही पुन्हा रबरी बोटीत. दावणीला जनावर तसंच सोडून आल्यासारखा मेहुणा वळून वळून गच्चीकडं बघत होता.

त्यानंतर होडीकडं कुणी फिरकलं नाही. उन्हानं काळं रबर तडकलं, पट्ट्यांपासून सुटलं. वरच टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप. टाकी वाहिली की पाणी डेकवर, डेकच्या फटींतून होडीच्या पोटात, आणि पोटात ते टिकून राही. तळातून एक थेंब गळत नव्हता. पाणी बाहेर ठेवण्यासाठी आणलेली होडी पाणी आत सांभाळून बसली होती. हे आम्हाला कळलं ते डेंग्यूच्या अळ्या शोधत घरोघर फिरणाऱ्या ताईंमुळे. त्यांनी कुंड्या पाहिल्या, फ्रिजमागचा ट्रे पाहिला आणि मग बॅटरी मारून होडीत पाहिलं. "काका, हे काय?" म्हटलं, होडी. त्यांनी फॉर्मवर बराच वेळ पेन फिरवलं. टायर होतं, माठ होता, नारळाची करवंटी होती. शेवटी 'इतर'वर खूण केली आणि आठ दिवसांत कोरडी करा म्हणाल्या.

मेहुण्याला फोन केला, म्हटलं विकून टाक. तो दुखावला. "दाजी, सागवान हाय ते. १८१७ साली मुंबईत वाडियांनी सागवानाचं जहाज बांधलं, ट्रिंकोमली. आजबी इंग्लंडात तरंगतंय."

"ते पाण्यात आहे म्हणून तरंगतंय," मी म्हणालो. "आपलं तिसऱ्या मजल्यावर आहे."

पण रविवारी तो आला, टेप घेऊन. डेकवरच्या लहानमोठ्या सगळ्या फटींची लांबी मोजली. त्र्याऐंशी फूट. आयर्विनवर चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्र्याऐंशी हा आकडा ऐकूनच सांगलीच्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

सल्ले भरपूर मिळाले. आमचा सुतार म्हणाला, एमसील मारा. दुकानदारानं बाथरूमचं सिलिकॉन पुढं केलं. ज्यांच्याकडून होडी घेतली ते रत्नागिरीचे आजोबा फोनवर म्हणाले, "सूत ठोका हो फटीत, वरनं राळ नि तेल. आमचे वडील हेच करीत." पण मेहुण्यानं मोबाइलवर चार रात्री अभ्यास केला होता. त्यानं मुंबईहून फटी बुजवायच्या काळ्या सीलंटच्या नळ्या मागवल्या आणि नियम सांगितले. आधी जुनं रबर मुळापासून काढायचं. सागवान तेलकट, म्हणून खाच ॲसिटोननं पुसायची. मग तळाला एक बारीक टेप लावायची, म्हणजे सीलंट दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना चिकटेल, तळाला चिकटणार नाही. लाकूड फुगतं, आकसतं; दोन्हीकडं धरलेलं रबर ताणलं जातं, तिन्हीकडं धरलेलं फाटतं.

"बरोबरच आहे," बायको म्हणाली. "सासर आणि माहेर इथवर जमतं. तिसऱ्या ठिकाणी होडी निघाली की फाटतं."

जुनं रबर काढायला कानशीचं टोक लोहाराकडून वाकवून एक आकडी करून घेतली होती. मेहुण्यानं पहिली वीतभर फट स्वतः केली, "बघा, लोण्यावानी निघतंय," म्हणाला आणि त्याला दुकानातून फोन आला. उरलेली सव्वाब्याऐंशी फूट माझी. मांडी घालून बसलो तर हात पोचेना, ओणवा झालो तर चष्मा घसरून पडे. शेवटी डेकवर पालथा पडलो. मे महिन्यात सांगलीत गच्चीवर सागवानी पट्ट्यांवर पालथं पडणं म्हणजे काय, ते तव्यावरच्या भाकरीलाच विचारावं. शिवाय आकडी जरा तिरकी गेली की पट्टीची कड उचकटते. सुटलेलं रबर मात्र हलकं, वाऱ्यानं मस्त उडायचं. शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी एक कुरडई माझ्यापुढं धरली. तिच्यात एक काळा धागा नीट वेटोळं घालून बसला होता.

ॲसिटोनची बाटली संपली म्हणून सुनेचं नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं. त्याला गुलाबाचा वास होता. त्याबद्दल घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

तापलेल्या लाकडावर सीलंट भरलं तर बुडबुडे येतात, म्हणून ऊन उतरल्यावर संध्याकाळी भरायचं ठरलं. फटींच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून मेहुण्यानं सीलंटची गन हातात घेतली. पाच मिलिमीटरची फट, तेवढीच खोल. हिशेबानं तीनशे मिलिलिटरच्या सव्वादोन नळ्या पुरायला हव्या होत्या. पाच लागल्या. उरलेला माल जिन्याच्या कठड्यावर, माझ्या मोबाइलवर, मेहुण्याच्या डाव्या भुवईवर आणि मांजरावर सापडला. मांजर दोन दिवस घरी आलं नाही.

सीलंट ओलं असतानाच टेप उपटायची असते. उशीर झाला की वर साय धरते आणि टेपबरोबर रबरही निघून येतं. हे मेहुण्याला पाठ होतं. पण नेमकं तेव्हाच बायकोनं भडंग आणि चहा वर पाठवला, आणि चहाबरोबर पुराचं खापर ज्याच्यावर फुटतं त्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा विषय निघाला. सांगलीत अलमट्टी निघाली की अर्धा तास कुठं जात नाही. आम्ही वळलो तेव्हा साय धरली होती. घाईघाईनं टेपा ओढल्या, काळ्या तारा लोंबू लागल्या, सोसाट्याचं वारं सुटलं आणि परातीतलं भडंग डेकवर. तिसऱ्या फटीत पाच चुरमुरे आणि एक शेंगदाणा कायमचे बसले आहेत. आठ दिवसांनी सगळं घासून सपाट केलं तेव्हा शेंगदाण्याचा छेद फार सुबक आला.

पण काम झालं. होडीतलं पाणी उपसलं. टाकी दोनदा मुद्दाम वाहू दिली, आत थेंब नाही. ताई आल्या, बॅटरी मारली, 'इतर'वरची खूण खोडली. मेहुण्यानं पेढे वाटले.

सांगलीत जूनमध्ये पाऊस तसा बेताचाच. आमचा पूर महाबळेश्वर-कोयनेकडं पडतो आणि इथे येऊन उभा राहतो. त्यामुळे जूनअखेरपर्यंत होडीला चांगलं ऊन लागलं. मग एका सकाळी मी सहज आत डोकावलो. होडीच्या पोटात उजेड होता. बारीक, लांबच लांब उजेडाच्या रेघा, तळाला, दोन्ही बाजूंना. इतकी वर्षं आतल्या पाण्यानं तळाच्या फळ्या फुगून घट्ट बसल्या होत्या. आम्ही ते पाणी काढलं आणि फळ्या आकसल्या.

मेहुणा टेप घेऊन आला. तासभर होडीखाली आडवा होता. मी खाली येऊन बसलो होतो.

"दाजी!" तो वरूनच ओरडला. "एकशे चौतीस फूट!"

बायकोनं कणकेचा हात धुतला आणि तांदळाचा डबा माळ्यावर चढवायला घेतला.