अर्धशिशी म्हणजे पित्त नव्हे

"अर्धशिशी म्हणजे चढलेलं पित्त. उलटी झाली की उतरतं. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खा. तरी दुखलंच तर गोळी घ्या आणि कामाला लागा, डोकेदुखीसाठी रजा कसली?" व्हॉट्सॲपवरचा हा मजकूर मला महिन्याभरात तिघांनी पाठवला, त्यांत माझी मावशीही आहे. काळजीपोटी पाठवला, हे कळतं. पण तो वाचून कुणी तसंच वागलं तर त्रास वाढेल, म्हणून लिहिते आहे.

पित्ताचं आधी. मळमळ, उलटी होते म्हणून हा समज रुजला. पण आजार मेंदूचा आणि चेहऱ्या-कपाळाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचा आहे. डोकं उठतं तेव्हा तिथे सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं. नवी औषधं नेमकं तेच अडवतात आणि त्यांनी अनेकांची अर्धशिशी कमी होते. उलटी हे लक्षण आहे, कारण नव्हे. शिवाय त्या वेळी पोटाचं काम मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. "उलटी होऊन जाऊ दे, मग बघू" म्हणत मी कित्येक वर्षं नेमकी गोळीची वेळ घालवली.

दूध-जिलेबीने अर्धशिशी बरी होत नाही. उपाशी राहिल्याने मात्र अनेकांचं डोकं उठतं, तेव्हा नाश्ता वेळेवर करा, साधे पोहे चालतील.

आता "गोळी घ्या आणि कामाला लागा". माझं सगळ्यात जास्त नुकसान याने केलं. मी हिशेबाच्या कामात आहे. मार्च अखेरीला टेबलाच्या खणात कायम स्ट्रिप असायची. डॉक्टरांनी कालनिर्णयवर खुणा करायला सांगितल्या: दुखलं तर लाल टिंब, गोळी घेतली तर फुली. महिन्याअखेर फुल्या मोजल्या, सतरा! साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान (खास अर्धशिशीवरच्या गोळ्या) किंवा कॅफिन मिसळलेल्या गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

इतक्या वेळा दुखत असेल तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात: प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट. गुण येतो की नाही हे कळायला दोन-तीन महिने लागतात. ती मैत्रिणीच्या सल्ल्याने घेऊ नका. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल चालत नाही, गर्भारपणात टोपिरामेट धोक्याचं. आणि डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, हातपाय लुळे पडले, किंवा तापासोबत मान आखडली तर थेट दवाखाना गाठा.

राहिली रजा. औषध न घेता हे दुखणं 4 ते 72 तास टिकतं. मला आधी वीसेक मिनिटं डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते. एकदा 48,350 मधला 8 दिसेना आणि मी नोंद चुकवली. ती चूक निस्तरायला दोघांची संध्याकाळ गेली. त्यापेक्षा गोळी लगेच घेऊन तासभर अंधारात पडलेलं परवडलं असतं. शेवटी साहेबांना कालनिर्णयची पानं दाखवली. त्यांनी माझ्या डोक्यावरची फडफडणारी ट्यूब बदलून घेतली आणि गरज पडली तर रेकॉर्ड रूममध्ये जाऊन पडायला सांगितलं. उरलेलं काम मी सहानंतर बसून पुरं करते. गेल्या महिन्यात फुल्या पाच होत्या.