पेडल खाली जातंय म्हणून पुशरॉड लांब करू नका

"जुन्या गाडीचं ब्रेक पेडल खाली जातंय? मिस्त्रीकडे जायची गरज नाही." हा मेसेज गेले काही दिवस फिरतोय. त्यात चार उपाय आहेत: पुशरॉड (पेडलचा जोर मास्टर सिलेंडरपर्यंत नेणारा दांडा) लांब करा, दोन-तीनदा पंप करा, ब्रेक ऑइल नसेल तर इंजिन ऑइल टाका, नाहीच जमलं तर मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बदला. मी सोडून दिलं असतं. पण तो माझ्या मामांपर्यंत पोचला आणि मामांनी पहिला उपाय करून पाहिला.

मामांची 1977ची ॲम्बेसेडर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. रॉड लांब केल्यावर पेडल लगेच वर आलं, मामा खूश. रविवारी मामींना घेऊन नाशिकहून सप्तशृंगी गडावर गेले. नांदुरीकडे उतरताना गाडी अडखळायला लागली. थांबून बघतात तर चाकांतून जळका वास, पेडल दगडासारखं कडक आणि गाडी ढकलूनही हलेना. कुणीतरी ड्रमवर पाणी ओतायला निघालं होतं, मी फोनवर ओरडून थांबवलं. ड्रम बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा; तापलेलं बीड असं तडकतं. आधी चाकांना दगड लावायला लावले, मग चाकामागचं, ब्रेकमधलं ऑइल बाहेर सोडायचं निपल सैल करायला सांगितलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. गाडी टो करूनच घरी आली.

असं का झालं ते नीट समजून घ्या. पेडल सोडलं की मास्टर सिलेंडरचा पिस्टन पूर्ण मागे यायला हवा. तो मागे आला की टाकीकडे जाणारं एक बारीक भोक उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून परत जातं. म्हणूनच पुशरॉड आणि पिस्टनमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट मुद्दाम ठेवलेली असते. रॉड लांब केला की फट जाते, भोक झाकलं जातं. ऑइल कोंडतं, शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे कमानीसारखे तुकडे) ड्रमला घासतात, ड्रम तापतो, ऑइल आणखी फुगतं, शू आणखी दाबतात. सपाट रस्त्यावर हे पटकन जाणवत नाही. घाटात जाणवतं.

पंप करण्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य. पण तो उपाय नव्हे, तपासणी आहे. दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल वर येऊन कडक झालं तर शूंवरचे लायनर (घासणारा थर) झिजलेत, शू ॲडजस्ट करा. स्पंजासारखं लागलं तर ऑइलमध्ये हवा आहे. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसली, तरच मास्टर सिलेंडरवर संशय घ्या. आधीच नवा घेऊन पैसे घालवू नका.

इंजिन ऑइलचा सल्ला देणाऱ्याने ब्रेक कधी उघडलेला नसावा. त्या तेलाने सगळे रबरी वॉशर फुगतात आणि मग प्रत्येक सिलेंडर उघडावा लागतो.

मेसेजमध्ये जुन्या ऑइलबद्दल अवाक्षर नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. अमेरिकेच्या वाहन मानक 116 प्रमाणे डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 140 वर येते. उकळून वाफ झाली की पेडल थेट तळाला. मामांनी ऑइल शेवटचं कधी बदललं, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

त्यांच्या गाडीत मूळ दुखणं मागच्या शूंचंच होतं. चाक उचललं, शू ड्रमजवळ आणणारा ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवला, मग चाक मोकळं होईल इतकाच मागे घेतला. रॉड पहिल्यासारखा केला, ऑइल नवं भरलं, हवा काढली. पेडल अर्ध्याच्या आत थांबतंय.

तुम्हीही तो मेसेज वाचून रॉड फिरवला असेल तर आजच गाडी जॅकवर घ्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा, जमिनीवरच्या चाकांना दगड लावा. पेडल पाच-सहा वेळा दाबून सोडा आणि उचललेलं चाक हाताने फिरवून बघा. अडत असेल तर घाटात जाऊ नका.