खाल्लं कायतरी

"व्हय व्हय, खाल्लं कायतरी."

मामा हॉलमध्ये फोनवर बोलत होते आणि मी आत बेसिनपाशी पिठल्याची कढई घासत होते. पलीकडे माझ्या सासूबाई, मुक्काम पुणे, नणंदेच्या घरी. त्यांनी धाकट्या भावाला विचारलं असणार, जेवलास का रे. या प्रश्नाला आपल्या भाषेत उत्तरांचा तुटवडा नाही. 'जेवलो' आहे. 'पोटभर जेवलो' आहे. नुसता 'हूं' सुद्धा चालला असता. मामांनी त्यातून 'कायतरी' निवडून काढलं. कढई माझ्या हातातून निसटली नाही, मी ती आपटली. हॉलमध्ये कुणाचंही लक्ष गेलं नाही.

झालं होतं ते असं. सोमवार, जुलैची झड, रात्रीचे सव्वाआठ. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं, गगनबावड्याकडची एसटी बंद झाली, आणि माझ्या नवऱ्याचे मामा स्टँडवरून थेट मंगळवार पेठेत आमच्या दारात येऊन उभे राहिले. मी नुकतीच बँकेतून येऊन टेकले होते. मामांनी पाय धुतले, माझा टॉवेल घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, माझ्यासाठी काय इशेष करत बसू नको. असंल ते. साधं आपलं पिठलं-भाकरी."

साधं! पिठलं-भाकरीला साधं म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात भाकरी थापलेली नसते, हे मी पैजेवर सांगते. पोळ्या सकाळी करून डब्यात ठेवता येतात. भाकरी ताटात पडेपर्यंत करणारीला तव्यापासून हलता येत नाही. शिवाय पावसाळ्यात डब्यातलं ज्वारीचं पीठ दोन महिन्यांचं झालेलं, विरी गेलेली. अशा पिठाची भाकरी थापायला घेतली की कडेने चिरते, मग पाणी उकळून, त्यात पीठ भिजवून, चटके सोसत मळायचं. हे साधं. हेच महामार्गावरच्या ढाब्यावर 'चुलीवरचं' अशी पाटी लावून मिळालं की माझा नवरा अडीचशे रुपये मोजून येतो आणि वर आठवडाभर त्या बाईच्या हाताची चव सांगतो.

नवऱ्याने तेवढ्यात मदत केली. म्हणजे फ्रिज उघडला, वाकून बघितलं, म्हणाला, "घरात काहीच नाही," आणि फ्रिज लावून टाकला.

मी तोच फ्रिज उघडला. अर्धी जुडी कोथिंबीर, बाहेरून काळी, आतून बरी. एक टोमॅटो, जो उद्या नसता. दुपारचा वाटीभर भात. पिशवीच्या तळाशी दहाबारा हिरव्या मिरच्या. दारात सहा अंडी. पण मामांचा सोमवार. कपाटात आमटीच्या वाटीने मोजून एक वाटी बेसन, जेवणारी तोंडं चार. डब्यात अख्खा मसूर. तो भिजवायला विसरलेल्या बायकांसाठीच देवाने घडवलाय. शेंगदाणे, लसूण, कांदे. आणि चटणीची बरणी.

परगावच्या लोकांसाठी सांगते, कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायची ती नव्हे. चटणी म्हणजे कांदा-लसणाचं वर्षाचं तिखट. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. खोबरं, तीळ, धणे, कांदा-लसूण भाजून-तळून सगळं डंकावर कांडून आणायचं आणि हिंगाचे खडे घालून बरणी बंद. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई शेजारणीला "आमच्यात अजून चटणी झाली न्हाई" असं काळजीने सांगत होत्या, तेव्हा मला वाटलं, एवढं काय, मी आत्ता वाटून देते दोन मिनिटांत. तसं बोललेही. ती गोष्ट अजून प्रत्येक लग्नात सांगितली जाते.

इथल्या भाषेने मला तेव्हा आणखीही एका बाबतीत फसवलं. कोल्हापूरच्या बायका 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा सासरहून मला पत्र आलं होतं, "आमच्यात सकाळी उठून मी भाकरी करतो, मग मी डबे भरतो." मी हे पत्र आईला वाचून दाखवलं. कसली पुढारलेली माणसं असतील, असं आम्हा दोघींनाही क्षणभर वाटून गेलं. असो.

तर मी ओट्याकडे वळले आणि मामा माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. फ्रिजला लागून एक स्टूल आहे, त्यावर बसले. मला दर वेळी फ्रिज उघडताना त्यांचे गुडघे बाजूला करावे लागत होते.

मामा पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेत. निवृत्त फक्त पगारापुरते. जुलै लागला की अख्खं कोल्हापूरच फुटाइंचात बोलायला लागतं. दूध घालणाराही नमस्काराऐवजी "किती झालं पाणी?" विचारतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथं पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. मामा मात्र पावसाळा संपला तरी त्यातून बाहेर येत नाहीत.

"पीठ किती हाय?" मामांनी विचारलं.

"वाटीभर."

"वाटी म्हंजे? क्षमता किती?"

"मामा, वाटी. आमटीची."

"आणि पाणी?"

"अंदाजानं."

मामांनी डोळे मिटले. नोकरीत हा शब्द त्यांनी फार वेळा ऐकला असावा. "अंदाजानंच," ते हळूच म्हणाले, "अंदाजानंच खालची गावं बुडत्यात, सूनबाई."

मी फोडणी केली. जिरं-मोहरी, ठेचलेला लसूण, कांदा, चमचाभर चटणी. पाणी घातलं, जरा जास्तच, कारण एक वाटी बेसन चौघांना पुरवायचं तर ते पाण्याच्याच जिवावर. पाण्याला उकळी आली. आता एका हाताने पीठ वैरायचं आणि दुसऱ्या हाताने हाटत राहायचं. या दोन मिनिटांत बाईला तिसरा हात नसतो आणि बोलायला तोंडही नसतं. नेमकी त्याच वेळी लाईट गेली.

मामा उठले. मला वाटलं, आता हॉलमध्ये जातील. त्यांनी ओल्या पिशवीतून बॅटरी काढली.

बॅटरी चांगली होती. जुनी, लांबलचक, रात्री-अपरात्री बंधाऱ्यावर पाण्याची मोजपट्टी वाचायला नेत असतील तसली. तिचा झोत मामांनी कढईच्या आतल्या कडेवर धरला आणि तो पुढची वीस मिनिटं तिथून हलवला नाही. मला मीठ सापडेना. परातीत पीठ किती आणि माझी बोटं किती, हे कळेना. मी म्हटलं, "मामा, जरा तव्यावर धरा." झोत तव्यावर आला, भाकरीवर एक क्षण टेकला आणि परत कढईवर गेला.

"सूनबाई, वाढतंय."

"काय?"

"पातळी. मघाशी काठाखाली चार बोटं हुती. आता तीन."

"पिठलं फुगतं, मामा."

"आवक कुठनं हाय?"

याला काय उत्तर द्यायचं? मी झाकण ठेवलं. मामांनी ते बॅटरीच्या टोकाने अलगद सरकवलं आणि फटीतून बघत राहिले. "ह्या कडंला गाळ साचलाय," ते म्हणाले. गुठळी होती. एकच होती. चालत्या बॅटरीत, चालत्या तोंडात पीठ वैरून बघा एकदा, मग कळेल गाळ कुणामुळे साचतो.

एवढ्यात दुसऱ्या शेगडीवर मसुराच्या कुकरची शिट्टी झाली. मामांचा चेहरा उजळला. ते नोकरीतली काही वर्षं राधानगरीला होते. तिथल्या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत; पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की आपल्या आपण उघडतात, माणसाला हात लावावा लागत नाही. मी गॅस बारीक करायला हात पुढे केला, तर मामा ओरडले, "हात लावू नको! आपनहून उघडतंय ते."

दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. मामा अंधारातून चाचपडत हॉलच्या दारापर्यंत गेले आणि नवऱ्याला म्हणाले, "तीन उघडलं. एकाचं चौदाशे अठ्ठावीस. चार हजार दोनशे चौऱ्याऐंशी क्युसेक."

"मग रात्रीत वाढणार पाणी," नवरा आतून गंभीरपणे म्हणाला. या घरात आपण एकटे आहोत असं बाईला वाटतं ते काही उगीच नाही.

चौथ्या आणि पाचव्या शिट्टीला मी काहीच बोलले नाही. लाईट नसल्याने मिक्सर बंद, म्हणून मिरच्या-लसूण तव्यावर परतून, शेंगदाणे टाकून, तांब्याच्या बुडाने तिथंच रगडले. खर्डा असाच करायचा असतो म्हणा, पण तो हौसेने करणं वेगळं आणि अंधारात करणं वेगळं. टोमॅटो मसुरात गेला. दुपारच्या भाताला फोडणी दिली, कोथिंबिरीचं आतलं हिरवं त्यावर. नऊला पाच कमी असताना पानं घेतली. मोजून चाळीस मिनिटं. पिठलं, भाकरी, खर्डा, अख्खा मसूर, फोडणीचा भात. 'काहीच नाही' मधून पाच जिन्नस. बँकेत असा हिशेब जुळवला असता तर साहेबांनी निदान चहा तरी पाजला असता.

मामा साडेतीन भाकऱ्या जेवले. मला मोजायची सवय नव्हती, त्यांनीच लावली. पिठलं दोनदा घेतलं. खर्ड्याने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा बॅटरी स्वतःच्या तोंडावर धरून "झकास तिखट" असंही म्हणाले. मग हात धुऊन फोनवर गेले.

आणि खाल्लं कायतरी.

नवऱ्याचं म्हणणं, त्यांची बोलायची पद्धत आहे ती. असेल. पण ही पद्धत बासुंदी-पुरीला लागू होत नाही. तांबड्या-पांढऱ्यालाही होत नाही; मटण खाऊन आलेला माणूस रश्श्यात किती तर्री होती तेही सांगतो. जे बाजारातून आणून, आधी ठरवून, नाव घेऊन केलं जातं, त्याचं जेवण होतं. जे घरात उरलंसुरलं हेरून, उद्या काय नासणार ते ओळखून, एका वाटीत चौघांना बसवून केलं जातं, त्याचं कायतरी होतं. कपाटात मसूर आहे आणि टोमॅटो आजच संपवायला हवा, हे डोक्यात धरून मी बँकेच्या खिडकीत बसलेली असते. घरात दुसरं कुणी धरत नाही. 'असंल ते कर' म्हणणाऱ्याला काय असेल ते माहीत नसतं, म्हणून तर तो इतक्या सहज म्हणतो.

२०१९च्या ऑगस्टात असं नव्हतं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, दूध नाही, भाजी नाही, नळाला पाणी नाही, आणि आमच्या दोन खोल्यांत नदीकाठची सहा पाहुणे माणसं. तेव्हा मी हेच करत होते. हाच मसूर, हेच पिठलं, आणि एक दिवस नुसतं शेंगदाण्याच्या कुटाचं कालवण. त्याला आमच्याकडे म्हाद्या म्हणतात. तेव्हा हेच मामा, हो, त्या सहांत तेही होते, सगळ्यांदेखत मला अन्नपूर्णा म्हणाले होते. म्हणजे हिशेब असा, की पाणी ४३ फुटांच्या वर गेलं तर अन्नपूर्णा. ३७ला कायतरी.

रात्री दहाला सासूबाईंचा मला फोन आला. "काय केलंवतंस गं त्याला?"

मी पाचही जिन्नस सांगितले. खर्ड्यातल्या शेंगदाण्यांसकट सांगितले.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "मग बरोबर हाय त्याचं," त्या म्हणाल्या. "धड एक असं काय नव्हतंच की."

हे लिहितेय ती मंगळवारची रात्र. मांडुकलीचं पाणी उतरलेलं नाही, मामा हॉलमध्येच आहेत. बंधाऱ्याला साडेसदतीस झालंय, असं त्यांनी अर्ध्या तासात तिसऱ्यांदा सांगितलं. बँकेतून येताना मी सहा अंड्यांचा विचार करत आले होते. कांदा, चटणी, वर अंडी फोडायची, दहा मिनिटांत मोकळी. आल्या आल्या तसं बोलूनही दाखवलं.

मंगळवार अंबाबाईचा, म्हणून मामा मंगळवारही करतात.

"तू काय इशेष करू नको," ते आत्ताच स्टुलावर बसत म्हणाले. लाईट आहे, तरी बॅटरी हातात आहे.