‘आमंत्रण की खंडणी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तारणाचं, म्हणजे येशूवर विश्वास ठेवून पापातून सुटका होण्याचं, आमंत्रण सर्वांना खुलं आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. ‘या’ म्हणायचं आणि न येणाऱ्याला नरक दाखवायचा, ही खंडणी झाली, हा एक. आणि हे आमंत्रण किती खुलं होतं ते गोव्याला विचारा, हा दुसरा.

गोव्याबद्दल आधी बोलतो, कारण तिथे मला काही सांभाळून घ्यायचं नाही. १५६० साली, पोर्तुगीज अमलात, तिथे इन्क्विझिशन (धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) बसलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. देवळं पाडणं त्याच्याही आधीचं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरात जुनी चालरीत पाळल्याचा संशय आला, तरी माणसाला धरून नेत. ‘तो काळच तसा होता’ असं म्हणून मी हे झटकणार नाही. ते पाप होतं, आणि प्रभूच्या नावाने केलं म्हणून अधिकच मोठं.

या जबरदस्तीला शास्त्रातला आधार शोधला गेला, हे मला जास्त बोचतं. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, चौदाव्या अध्यायात मेजवानीचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा) आहे. बोलावलेले ऐनवेळी सबबी सांगतात. एकाने शेत घेतलंय, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. मग यजमान गावातले गरीब, व्यंग असलेले, आंधळे, लंगडे यांना आणायला चाकर पाठवतो. तरी जागा उरते. तेव्हा तो म्हणतो, गावाबाहेरच्या रस्त्यांवर, कुंपणांकडे जा आणि लोकांना आग्रह करून आत आण. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन आधी बळजबरीच्या विरोधात होते. पण पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्य चर्चपासून फुटलेल्या डोनॅटिस्ट या ख्रिस्ती पंथीयांवर सरकारी सक्ती करण्याचं समर्थन त्यांनी केलं, ते याच ओळीवर बोट ठेवून. ऑगस्टीनांचं मोठेपण मी मानतो, पण इथे त्यांनी दाखला उलटा वाचला असं माझं ठाम मत आहे.

आग्रह कुणाला आहे ते बघा. कुंपणाकडेच्या माणसाला वाड्यात जेवायला बोलावलं तर त्याचा विश्वासच बसत नाही. ‘आपण कसले तिथे’ म्हणून तो मागे सरतो. आग्रह त्याच्यासाठी. शेतवाल्याला आणि बैलवाल्याला यजमान ओढून आणत नाही. रागावतो, पण त्यांचं ‘नाही’ मानतो. (मत्तयाच्या शुभवर्तमानात, बाविसाव्या अध्यायातल्या अशाच दाखल्यात राजा सैन्य पाठवतो, हे तुम्ही दाखवाल. ते सैन्य आमंत्रण घेऊन आलेल्या दासांना मारून टाकणाऱ्यांवर जातं.)

मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येशूपुढे गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनासाठी काय करू म्हणून विचारतो. येशू त्याच्याकडे पाहतो, त्याच्यावर प्रीती करतो आणि सगळं विकून गोरगरिबांना दे, मग माझ्यामागे ये, असं सांगतो. तो खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही, अट सैल करत नाही, त्याला घाबरवतही नाही. खंडणी मागणारा असं कुणाला जाऊ देतो का?

नरकाचे इशारे शास्त्रात आहेत, आणि ते मी लपवणार नाही. पण ते कुणाला दिलेत? मत्तयाच्या आठव्या अध्यायात येशू एका परक्या रोमी शताधिपतीच्या (शंभर सैनिकांवरच्या अधिकाऱ्याच्या) विश्वासाचं कौतुक करतो. पूर्वेकडून, पश्चिमेकडून पुष्कळ येऊन पंक्तीला बसतील आणि राज्याचे पुत्रच, म्हणजे देवाचं राज्य आपलंच असं मानणारे, बाहेरच्या अंधारात टाकले जातील, असं म्हणतो. पंचविसाव्या अध्यायात ‘प्रभू’ म्हणणाऱ्यांना विचारणा होते ती भुकेल्याला खाऊ घातलं का, तुरुंगातल्याला भेटलात का, याची. हे इशारे आधी माझ्यासारख्यांना आहेत, जे आपण आतच आहोत असं धरून चालतात. ते उचलून शेजाऱ्यावर रोखणारा उपदेशक मलाही सहन होत नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरावर आकाश कोसळलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या, वर्षं दुराव्यात गेली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी आपलं सोवळंओवळं सांभाळूनच. जातीची उतरंड देवाने नव्हे, माणसांनी रचली, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटत गेलं आणि १९०० मध्ये त्यांनी आपल्या पायांनी जाऊन बाप्तिस्मा घेतला. मधली ती पाच वर्षं मला फार मोलाची वाटतात. इतकी थांबण्याची तयारी नसेल तर आमंत्रण देऊच नये.

‘मी नाही म्हटलं तर?’ असं तुम्ही शेवटी विचारलंत. तर तुम्ही नाही म्हणालात, एवढंच. तुमचा निवाडा करायला मला कुणी बसवलेलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर माझा आनंद याच आमंत्रणात आहे, म्हणून ते मी पुन्हा देईन आणि तुमच्यासाठी प्रार्थना करेन. तुमची हरकत असेल तर तसं कळवा, मग ती प्रार्थना बोलून दाखवणार नाही. जमलं तर लूकचे चौदावा आणि पंधरावा हे दोन अध्याय सलग वाचा. त्यातलं काय खटकलं ते लिहा, त्यावर पुढे बोलू.