हळू सोडा, हळू!

माणसाचा डावा पाय जन्मभर तसा आरामातच असतो. चालताना उजव्याला सोबत करायची, बसलं की उजव्यावर चढून हलत राहायचं, एवढंच त्याचं कर्तृत्व. अशा या पायाला एके दिवशी गाडीत घालतात आणि सांगतात, क्लच तू सांभाळ. गाडीतलं सगळ्यात नाजूक काम नेमकं हेच. उजव्या पायाचं बरं असतं, त्याने दाबायचं. डाव्याने मात्र सोडायचं असतं आणि तेही तालात.

क्लच कसा सोडायचा याबद्दल जगात एकमत आहे: हळू. गाडी शिकवणारे सर हेच म्हणाले, शेजारी बसणारे सासरेबुवा हेच म्हणतात आणि जन्मात कधी स्टिअरिंगला हात न लावलेल्या आमच्या मावशी मागच्या सीटवरून हेच ओरडतात. हळू, हळू! पण कुठे हळू, हे कोणी सांगत नाही. क्लचच्या पेडलची सुरुवातीची चाल फुकट असते. तिथे पाय कितीही नजाकतीने उचला, काहीही होत नाही. मग मधे कुठेतरी बोटभर जागा येते आणि सगळं नाट्य तेवढ्यातच घडतं. त्यानंतरची चाल पुन्हा फुकट. मी आपला आज्ञाधारक, तळापासून वरपर्यंत सारख्याच भक्तिभावाने पाय उचलायचो. इंजिन बोंब मारायचं, गाडी जागची हलायची नाही, आणि ती बोटभर जागा आली की नेमका पायाचा धीर सुटायचा आणि गाडीला झटका बसायचा.

ती जागा गाडी स्वतः सांगते, हे पुढे कळलं. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो. स्टिअरिंगला बारीक कंप सुटतो. बॉनेट जरासं नाक वर करतं. तिथे पाय थांबवायचा, गाडी सरकू लागेपर्यंत तिथेच धरायचा आणि मग खुशाल सोडून द्यायचा. हळू हा शब्द तेवढ्या बोटभर जागेपुरताच आहे. बाकी ठिकाणी तो नुसता धाक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

या झटक्यामागे साधं कारण असतं. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे मारत असतं आणि चाकं ढिम्म. क्लचप्लेट त्या दोघांची गाठ घालते. ती एकदम पकडली, तर झोपलेल्या माणसाचा हात धरून कोणीतरी पळत सुटावं तशी गत होते: एक तर झोपलेला फरफटतो, नाहीतर पळणारा आपटतो. गाडीच्या भाषेत पहिल्याला गचका म्हणतात आणि दुसऱ्याला बंद पडणं. प्लेट थोडी घसरू दिली की दोघांचा वेग जुळायला अवधी मिळतो. गचक्याचा एकच फायदा मला आजवर दिसला आहे. गाडीतले सगळेजण एकाच वेळी होकारार्थी मान हलवतात. एरवी आमच्या घरात हे घडत नाही.

पहिला गिअर एकवेळ जमतो. खरी परीक्षा गिअर उतरवताना. गाडी तिसऱ्यात आहे, इंजिन २००० फेऱ्यांवर आहे असं धरा. त्याच वेगात दुसरा टाकला तर त्याच इंजिनाला ३०००च्या आसपास फिरावं लागतं. ते फेरे आणायचे कुठून? आपण नाही दिले तर इंजिन चाकांकडून ओढून घेतं. मग गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळते आणि मावशींची पर्स पुढच्या सीटखाली जाते. यावर क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने जराशी रेस द्यायची, फेरे आधीच वर आणून ठेवायचे आणि मग क्लच सोडायचा. उलट गिअर चढवताना इंजिनाचे फेरे खाली यावे लागतात. तिथे रेस सोडून क्षणभर थांबलं की काम होतं. इतकं सरळ गणित आहे, पण सरांनी ते कधी सांगितलं नाही. ते एकच शब्द घेऊन नोकरी करत होते.

सासरेबुवांना हे गणित माहीत नाही, पण त्यांच्या पायाला माहीत आहे. ते जुन्या ट्रकांवर डबल क्लच मारत वाढलेले. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा दाबा, मग गिअर. चुकलं तर गिअरबॉक्समधून असा खर्रर्र आवाज यायचा की क्लीनरसुद्धा मान खाली घालायचा. अर्ल थॉम्पसन नावाच्या इंजिनिअरने सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, शोधून काढलं आणि १९२८मध्ये ते कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांत आलं, तेव्हापासून कारवाल्यांची ही कसरत हळूहळू सुटत गेली. आता गिअरबॉक्समधली छोटी रिंग, बहुधा पितळी, आधी घासून वेग जुळवते आणि मगच दात अडकू देते. तिला अर्धा क्षण हवा असतो. सासरेबुवांच्या मते हे सगळे लाड आहेत.

तो अर्धा क्षण माझा हात देत नाही, ही दुसरी अडचण. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मी दांडा मूठ आवळून धरतो, कारण तो चुकीच्या घरात जाईल अशी भीती. आणि मूठ आवळली की तो हमखास चुकीच्याच घरात जातो. तिसरा शोधावा तर पाचवा सापडतो आणि गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकते. वास्तविक बहुतेक गाड्यांत न्यूट्रलला आला की दांडा स्प्रिंगमुळे आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन उभा राहतो. दुसऱ्यातून नुसता बाहेर काढायचा, सैल सोडायचा, तळव्याने सरळ पुढे ढकलायचा. तिसरा पडतो. त्यात आपलं कर्तृत्व काही नाही, आणि हेच मनाला पटत नाही.

रिव्हर्सला तर हे लाडही अनेकदा मिळत नाहीत. बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रोमेश नसतं आणि दात सरळ कापलेले असतात. म्हणूनच मागे जाताना गाडी कण्हते. पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये. अडला तर जोर करण्यात अर्थ नाही. न्यूट्रल करून क्लच एकदा सोडायचा, पुन्हा दाबायचा, की तो मुकाट पडतो.

चढाबद्दल काय बोलावं? चढावर थांबलं की मागे एखादा माणूस आपली गाडी अशी चिकटवून उभी करतो की त्याची चरबट दाढी आरशात मोजता येते. त्याला माझ्यावर इतका विश्वास का वाटतो, कळत नाही. उपाय हँडब्रेकचा. तो ओढून ठेवायचा, थोडी रेस द्यायची, क्लच त्या बोटभर जागेवर आणायचा. गाडी मागून जराशी दबते, निघायला तयार होते. मग हँडब्रेक सोडायचा. कोणी हॉर्न वाजवला तर वाजवू द्यावा. घाईघाईत नुसत्या हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे असतात, त्यांच्या क्लचप्लेटचा करपट वास मागच्या चार गाड्यांना येतो.

परवा सासरेबुवा शेजारी बसले होते. पहिला, दुसरा, तिसरा, एकही मान हलली नाही. वळणावर तिसऱ्यातून दुसरा उतरवला, मधे रेसही दिली, तरी मावशींची पर्स मांडीवरच. मी मोठ्या आशेने शेजारी पाहिलं तर सासरेबुवांना डुलकी लागलेली. चांगल्या गिअरची दाद कधी मिळतच नाही, कारण तो कोणाला कळतच नाही. पुन्हा तिसरा टाकून, जरा मोठ्याने खाकरून मी त्यांना उठवावं का, या विचारात होतो. तोच डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "जावईबापू, चौथा मागतेय ती."

मागत होती खरी.