ऑपरेशनची भीती वाटते? डॉक्टरांपासून लपवू नका

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: 'भीती वाटते असं डॉक्टरांना सांगू नका, ऑपरेशन रद्द करतात. आदल्या रात्री घरातलीच झोपेची गोळी घ्या.' दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर जिवावर बेतू शकते.

जास्त वजन असलेल्या अनेकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असतो. कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. झोपेच्या काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, श्वास मंदावतो. भूलतज्ज्ञ तोंड उघडायला लावतात, मानेचा घेर बघतात, 'घोरता का?' असं विचारतात ते यासाठीही. मनातली धाकधूक तेव्हाच सांगून टाका. गोळी द्यायची की नाही, ते ठरवतील. आधीपासून रोज घेत असलेली गोळी मात्र मनाने बंद करू नका. झोपेत श्वासाची वाट मोकळी ठेवणारं सीपॅप मशीन वापरत असाल तर सोबत न्या.

ऑपरेशनआधी होणारी समुपदेशकाची भेटही नापास करण्यासाठी नसते. नुसतं घाबरणं हे ऑपरेशन नाकारण्याचं कारण नाही. तीव्र नैराश्य किंवा व्यसन असेल तर आधी त्यावर उपचार होतात. आणि रात्रभर डोळा लागला नाही, तरी भूल चढतेच.