ढोरं चारशील!

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाय आणि कुत्रा या दोन विषयांवरून हमखास जुंपते. २०२४ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं, तेव्हा एक फड रंगला. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. आणि अकरा दिवसांत ते बदलून, पिसाळलेली व चावरी सोडून बाकीच्यांची नसबंदी-लसीकरण करा आणि होती तिथे सोडा, असं ठरलं. तेव्हा दुसरा. भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जन्मात कधी धार काढलेली नाही.

मी राहते विस्कॉन्सिनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दूधपट्ट्यात. इथल्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) जत्रेत ‘फोर-एच’च्या, म्हणजे मुलांना गुरं-शेती हाताने करून शिकवणाऱ्या चळवळीतल्या, मुलांची गुरं बघायला मी आवर्जून जाते. १९०२ मध्ये ओहायोतल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी निघालेल्या मंडळातून ही चळवळ वाढली. १९१४ च्या कायद्यानंतर ती कृषी विद्यापीठांच्या विस्तार विभागांकडे आली. पांढरी पँट, पांढरा शर्ट (शेणाच्या शेजारी पांढरं घालायची कल्पना कोणाची, देव जाणे), हातात म्होरकी आणि पुढ्यात स्वतःपेक्षा चौपट वजनाची कालवड. जनावराकडे तोंड करून पोर हळूहळू मागे सरकत असते. अंगावरचे केस कातरलेले, शेपटीचा गोंडा फुलवलेला. परीक्षक मध्येच विचारतो, हिचा जन्म कधीचा? खायला काय देतेस? कालवड अडून बसली तर पोर तिला कशी हाताळते, हेही तो बघतो. शिवाय वही असते: चारा, औषध, डॉक्टर, सगळा खर्च पोराने स्वतः लिहिलेला. ज्यांच्या घरी गोठा नाही, त्यांना काही ठिकाणी कालवड भाड्याने घेऊन वाढवता येते.

कुत्र्यांचंही तसंच. आधी रेबीजच्या लशीचा दाखला, मग बस, थांब, ये. कान मागे गेले, शेपूट ताठ झाली की कुत्रं काय सांगतंय, हे दहा वर्षांची मुलं ओळखतात.

पण इथलं उचलून तिथे लावता येणार नाही. इथल्या कुत्र्याला मालक आहे, आपल्याकडे गल्लीच्या कुत्र्याला नाही. इथे दूध आटलेली गाय कत्तलखान्यात जाते, आणि हे मुलांना माहीत असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. संकरित गोऱ्हा झाला की शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण तो औताला फारसा चालत नाही आणि विकताही येत नाही.

मला खटकतं ते निराळंच. माझ्या माहेरी, वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे, गौळाऊ या देशी गाईचा मुलूख. तिथल्या पोरांना गुरांचं या परीक्षकाइतकंच कळतं. त्यांना शाळेत काय ऐकवतात? ‘शिकला नाहीस तर ढोरं चारशील!’ आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, बक्षीस मिळतं लाकडी बैलाला. लाकडी बैल असू द्या, मीही लहानपणी सजवलाय. पण त्याच मैदानात जिवंत कालवडीचा एक गट ठेवायला काय हरकत आहे? परीक्षक म्हणून दवाखान्यातले पशुवैद्यक आहेतच.

भावाला हे सुचवलं. तो म्हणाला, ‘ताई, बक्षिसाचं सोड, आधी दुधाला भाव दे.’ त्याचंही खरं आहे.